घरातला बिटकॉइन नोड, संध्याकाळचा गांजा आणि मागे न घेता येणारी कामे

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. तुम्ही लाइपझिगमध्ये राहता, घरून सॉफ्टवेअरचे काम करता, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर स्वतःचा बिटकॉइन नोड (बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारी यंत्रणा) चालवता आणि त्याच यंत्रावर लाइटनिंगची, म्हणजे बिटकॉइनवर उभारलेल्या झटपट देवाणघेवाणीच्या जाळ्याची, काही चॅनेल्सही उघडलेली आहेत. एसडी कार्ड वारंवार बिघडते म्हणून नवे हार्डवेअर घ्यायचे आहे, आणि हिवाळ्यात खोली तापेल व थोडी कमाईही होईल या हिशेबाने एक जुना एएसआयसी मायनर, म्हणजे नवे बिटकॉइन मिळवण्यासाठीच बनवलेले यंत्र, घेण्याचा विचार आहे. एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढांना घरी तीन झाडे लावण्याची मुभा मिळाल्यापासून तुम्ही गांजा लावता, रोज संध्याकाळी एक जॉइंट ओढून नोडच्या कामाला बसता, आणि पत्नीला हे प्रमाणाबाहेर वाटते. दिवाळीला तीन आठवडे नाशिकला जायचे आहे. हार्डवेअर कोणते घ्यावे आणि ही सवय चालू ठेवावी का, असे दोन वेगळे प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

माझ्या मते ते वेगळे नाहीत. मी बरीच वर्षे वॉलेटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आहे, जर्मनीतच राहतो, आणि कधीतरी शनिवारी मीही गांजा घेतो, त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. परंतु बँकेत चुकीच्या खात्यात पैसे गेले तर निदान तक्रार नोंदवून घेणारे कोणी असते. बिटकॉइनमध्ये तुम्ही सही केलेला व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे सार्वजनिक नोंदवहीच्या नव्या पानावर, गेला, त्यावर आणखी काही ब्लॉक चढले, की विषय संपला. म्हणून घरातली सगळी कामे मी दोन भागांत वाटतो: चुकले तर मागे घेता येणारी आणि न येणारी. कोणते यंत्र कुठे ठेवायचे आणि अंमल असताना कशाला हात लावायचा, हे दोन्ही या एकाच वाटणीतून ठरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. नोडवर किती पैसे आहेत, तुमच्या झाडांची तीव्रता किती, तुम्ही फक्त ओढता की खातासुद्धा, यावर उत्तर बदलते. ओढलेल्या गांज्याचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि साधारण दोन ते चार तासांत ओसरतो. खाल्लेल्याचा सुरू व्हायलाच अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. लाइटनिंगवर फक्त कॉफीचे पैसे असतील तर पुढचे बरेचसे सोडून दिले तरी चालेल. मात्र बचतीचा मोठा भाग त्याच टेबलावरून हलवला जात असेल, तर सगळे नीट वाचा.

आधी यंत्राचे. पाय ४ वाईट नाही, पण त्याच्यावर आपण जे लादतो ते त्याच्यासाठी बनलेले नाही. एसडी कार्डावर सतत लिहिले जाणारे लॉग आणि डेटाबेस ठेवले की ते झिजणारच; त्यात यूएसबीवरची एसएसडी पायच्याच वीजपुरवठ्यावर चालत असेल, तर ताण आला की व्होल्टेज पडते, डिस्क क्षणभर गायब होते आणि डेटाबेस अर्धवट लिहिला जातो. तुमच्या बिघाडांचे वर्णन वाचून मला कार्डापेक्षा वीजपुरवठ्याचा संशय अधिक येतो. मी असतो तर कार्यालयांतून निवृत्त झालेला एखादा छोटा मिनी पीसी, लेनोवोच्या थिंकसेंटर टायनीसारखा, १६ जीबी रॅमसह घेतला असता. नुसता चालू असताना तो साधारण दहा वॅट खातो, म्हणजे वर्षाला ८८ युनिटच्या आसपास. युनिटला ४० सेंट धरले तरी ३५ युरो. सुरुवातीला सगळी साखळी, म्हणजे आजवरचे सगळे ब्लॉक, तपासून घेताना रॅम आणि जलद डिस्क यांचा जो फरक पडतो तो पायवर काही दिवस वाट पाहणाऱ्यालाच कळेल.

डिस्क दोन टीबीची घ्या. आज साखळीच ७०० जीबीच्या आसपास पोचली आहे आणि वर्षाला ८० ते ९० जीबीने वाढते आहे, त्यामुळे एक टीबीची डिस्क लवकरच भरेल. एवढी जागा नको असेल तर प्रून करता येते, किमान ५५० एमबीवर भागते, आणि तरीही प्रत्येक ब्लॉक तुमचा नोड स्वतः तपासतोच. केवळ जुने ब्लॉक जपून ठेवत नाही. तुम्हाला फक्त स्वतःचे व्यवहार तपासायचे असतील तर तेवढे पुरे आहे. यूपीएसबद्दल मी आग्रह धरणार नाही, कारण जर्मनीत घरगुती वीज वर्षाला सरासरी पंधरा मिनिटेही जात नाही. हाच नोड नाशिकच्या घरी असता तर यूपीएस मी यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिला असता.

इथपर्यंतची सगळी कामे मागे घेता येणारी आहेत. डिस्क मेली, साखळी पुन्हा उतरवा. सेटिंग चुकले, पुन्हा लिहा. संध्याकाळी जॉइंट ओढून तुम्ही यात रमलात तर नुकसान झालेच तर एका संध्याकाळचे. लाइटनिंगचे तसे नाही, आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली ओळ तीच होती: कार्ड बिघडले की तुम्ही जुन्या प्रतीवरून सगळे पूर्ववत करता.

चॅनेलमधला प्रत्येक व्यवहार हा तुम्ही आणि समोरचा नोड यांच्यातला नवा हिशेब असतो, आणि नवा हिशेब झाला की जुना रद्द ठरतो. रद्द झालेला हिशेब तुम्ही साखळीवर मांडलात तर तुम्ही फसवत आहात असे मानले जाते, आणि समोरच्याला ठरलेल्या मुदतीत चॅनेलमधली सगळी रक्कम दंड म्हणून उचलता येते. तुमचा हेतू काय होता हे प्रोटोकॉलला कळत नाही. त्यामुळे आठवड्यापूर्वीची डेटाबेसची प्रत परत टाकून नोड सुरू करणे म्हणजे रद्द झालेला हिशेब हातात घेऊन उभे राहणे होय. इथल्या एका परिचिताचे पैसे असेच गेले. यंत्र अगदी उत्तम होते, प्रत जुनी होती. एलएनडी हे लाइटनिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्टॅटिक चॅनेल बॅकअपची फाइल हीच आपत्तीतली प्रत. तिच्यात हिशेब नसतो. ती फक्त समोरच्या नोडला चॅनेल बंद करण्याची विनंती करते आणि तुमचा वाटा साखळीवर परत येतो. चॅनेल उघडले वा बंद झाले की ती फाइल आपोआप दुसऱ्या यंत्रावर जाईल अशी सोय करा. चालू डेटाबेससाठी दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिले जाईल अशी मांडणी करा, आणि एकाच नोडच्या दोन प्रती कधीही एका वेळी चालू करू नका.

आता विचार करा की कार्ड बिघडलेले कधी लक्षात येते. बहुधा रात्री, जेव्हा तुम्ही टेबलाशी बसलेले असता आणि एक जॉइंट झालेला असतो. तेव्हा नोड लगेच उभा करावा अशी घाई होते, आणि समोर दोन प्रती असतात. बंद पडलेला लाइटनिंग नोड सकाळपर्यंत तसाच राहिल्याने सहसा काहीही बिघडत नाही. शिवाय तुमच्या अनुपस्थितीत फसवणुकीवर लक्ष ठेवायला वॉचटॉवर जोडता येतो. म्हणून माझा पहिला नियम असा की बिघडलेला नोड त्या रात्री उभा करायचा नाही. तुम्ही अजिबात घेत नसाल तरीही हा नियम पाळण्यासारखा आहे.

दुसरे मागे न घेता येणारे काम म्हणजे सही. हार्डवेअर वॉलेटमुळे, म्हणजे सही करणाऱ्या छोट्या वेगळ्या उपकरणामुळे, खासगी किल्ली (सही करण्यासाठी लागणारे गुपित) संगणकापासून दूर राहते हे खरे, पण संगणकात शिरलेल्या एखाद्या प्रोग्रामने पैसे पाठवण्याचा पत्ताच बदलला तर ते वॉलेट स्वतःहून ओळखणार नाही. ते फक्त आपल्या छोट्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम दाखवते आणि तुम्ही ते मूळ पत्त्याशी ताडून पाहाल असे गृहीत धरते. या साखळीतली शेवटची कडी तुमचे लक्ष आणि काही सेकंदांची स्मृती ही आहे, आणि टीएचसी, म्हणजे गांज्यातला नशा आणणारा घटक, नेमके यांनाच सैल करते: अल्पकालीन स्मृती, एकाग्रता, वेळेचे भान. गंमत अशी की अंमलाखाली माणसाला आपण फार बारकाईने पाहतो आहोत असे वाटत असते. पत्त्याची सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून बटण दाबण्याची सवय असलेल्याला तर त्यात काही चुकते आहे असेही वाटत नाही. नेहमीपेक्षा दहापट शुल्क टाकलेला व्यवहारही तसाच निसटतो.

म्हणून माझ्या घरी सहीचे उपकरण कामाच्या टेबलावर नसते. ते दुसऱ्या खोलीत कुलुपात असते. व्यवहार रात्री सुचला तरी तो पीएसबीटी म्हणून, म्हणजे सही न केलेला मसुदा म्हणून, तयार करून ठेवतो आणि सही सकाळच्या चहानंतर करतो. मोठ्या बचतीसाठी तीनपैकी दोन सह्यांची व्यवस्था आहे, आणि त्यातली एकच किल्ली घरात आहे. दुसरी आणायला बाहेर जावे लागते, तिथली वेळ कार्यालयीन असते. या गैरसोयीमुळे रात्री अकराला मनात आलेला विचार दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला तरच अमलात येतो. तुम्ही तिसरी किल्ली नाशिकला आईवडिलांकडे ठेवायचा विचार कराल तर तो वाईट नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे अशा वॉलेटला नुसते सीड फ्रेजचे, म्हणजे किल्ली परत मिळवून देणारे, शब्द पुरत नाहीत. तिन्ही किल्ल्यांच्या सार्वजनिक बाजू आणि त्या कशा जोडल्या आहेत याचे वर्णन असलेली फाइल प्रत्येक ठिकाणी सोबत हवी, नाहीतर दोन किल्ल्या हातात असूनही पैसे सापडत नाहीत. दुसरे म्हणजे शब्द कोरलेली पोलादी पट्टी काय आहे हे घरच्यांना नीट सांगा. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला बरेच काही जाते.

सीड फ्रेजचाच आणखी एक मुद्दा. नवे वॉलेट तयार करणे, त्याचे १२ किंवा २४ शब्द लिहून घेणे आणि वर स्वतःचा पासफ्रेज, म्हणजे आपणच ठरवलेला जादा परवलीचा शब्द, जोडणे ही कामे पूर्ण शुद्धीवरच करावीत. शब्द ठरावीक २,०४८ शब्दांच्या यादीतले असतात आणि शेवटच्या शब्दात पडताळणी असते, त्यामुळे लिहिताना झालेली चूक बहुतेकदा उघडकीस येते. पासफ्रेजला अशी पडताळणी नसते. एक अक्षर चुकले तरी वॉलेट मुकाट उघडते, फक्त वेगळे आणि रिकामे. रात्री अतिशय कल्पक वाटलेला पासफ्रेज सकाळी आठवेनासा झाला तर तो परत मिळवून देणारे कोणी नाही.

एएसआयसीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गणितच बोलते. अँटमायनर एस१९ सव्वातीन किलोवॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे दिवसाला ७८ युनिट, म्हणजे ४० सेंटच्या दराने सुमारे ३१ युरो. दिवसाला सगळ्या जगात मिळून जवळपास ४५० नवे बिटकॉइन निघतात. नेटवर्कची आकडेमोडीची एकूण क्षमता ९०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरली तर ९५ टेराहॅशच्या यंत्राचा वाटा पावणेपाच हजार सातोशींच्या (एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सातोशी) आसपास येतो. बिटकॉइन एक लाख युरोला असला तरी हे पावणेपाच युरो झाले. उरलेले पैसे तुम्ही खोली तापवण्यासाठी मोजता, आणि त्या कामासाठी हीट पंप एका युनिटमध्ये साधारण तिप्पट उष्णता देतो. शिवाय ७५ डेसिबलचा आवाज भाड्याच्या घरात शेजारी सहन करणार नाहीत, आणि घरगुती सॉकेटमधून सतत चौदा अँपिअर ओढणे आगीला आमंत्रण आहे. हौसच असेल तर पंधरा-वीस वॅटचा बिटॲक्स हा छोटा मायनर घ्या. त्याला स्वतःच्या बळावर ब्लॉक मिळण्याची शक्यता हजारो वर्षांतून एकदा इतकी आहे, पण त्यातून मायनिंग कसे चालते ते कळते आणि वीजबिल फुगत नाही.

झाडे आणि यंत्रे एका खोलीत ठेवू नका. तंबूतला ओलावा, पाणी घालताना जमिनीवरचे एक्स्टेंशन बोर्ड आणि धुराचा चिकट थर ही तिन्ही संगणकाची शत्रू आहेत. ज्या टेबलावर रोज ओढले जाते तिथल्या पंख्यांवर आणि हीटसिंकवर राळेसारखा थर बसतो, त्यात धूळ अडकते आणि यंत्र तापू लागते. दिव्यांचा टायमर वायफायवर चालणारा स्वस्तातला प्लग असेल तर तो नोडच्या नेटवर्कपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. आणि घरी ५० ग्रॅमपर्यंतच सुका गांजा ठेवता येतो हे लक्षात असू द्या. तीन झाडे नीट वाढली तर एका हंगामात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

आता सवयीचे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर विकासकाच्या नजरेतून जे दिसते तेवढेच सांगतो. तुम्ही लिहिले आहे की ओढल्यावर कोड जास्त चांगला सुचतो. हे तपासण्याजोगे विधान आहे आणि त्याची साधने तुमच्याकडे आहेत. महिनाभर संध्याकाळचे काम कोडच्या वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे वेगळ्या प्रतीवर, ठेवा, सकाळी परक्याचे असल्यासारखे वाचा आणि त्यातले किती मुख्य ब्रँचमध्ये जाण्याच्या लायकीचे निघते ते पाहा. माझा अनुभव असा की कल्पना कधीकधी खरोखर चांगल्या निघतात, पण अंमलबजावणीत कडेच्या, म्हणजे क्वचितच उद्भवणाऱ्या, शक्यता सुटलेल्या असतात, आणि पैशाला हात लावणाऱ्या कोडमध्ये नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. मात्र इतर लोक वापरतात अशा प्रकल्पाच्या रिलीजवर सही करणे किंवा नवी डिपेंडन्सी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, घेणे ही कामे या प्रयोगात आणू नका. तिथे नुकसान तुमच्या एकट्याचे राहत नाही.

प्रमाणापेक्षा मला त्यातले ‘रोज’ जास्त महत्त्वाचे वाटते. काम आणि जॉइंट एकाच खुर्चीला बांधले गेले की काही महिन्यांनी एकाशिवाय दुसरे सुरू होत नाही. हे झाले आहे का ते कळायला सोपा उपाय आहे: दोन आठवडे थांबून पाहा. रोज घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यात झोप न लागणे, चिडचिड, घाम आणि विलक्षण स्पष्ट स्वप्ने हे सगळे होऊ शकते, आणि ते सहसा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओसरते. थांबणे जमलेच नाही, किंवा घरात कोणाला सायकोसिसचा (वास्तवाचे भान सुटण्याच्या मानसिक आजाराचा) इतिहास असेल, तर हा प्रश्न आमच्यासारख्यांना विचारण्याचा राहत नाही. जर्मनीत व्यसन-समुपदेशन केंद्रे मोफत आणि गोपनीय आहेत, तिथे किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. पत्नीचे म्हणणेही मी पुरावा म्हणून धरीन. आपल्या संध्याकाळी आपल्याला आतून दिसतात, त्यांना बाहेरून.

पैशाच्या आणि कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. घरी उगवलेला, गांजा पिकवणाऱ्या सदस्य-क्लबकडून मिळालेला किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेला गांजा वगळता जर्मनीत इतर खरेदी अजूनही बेकायदेशीर आहे, आणि ती बिटकॉइनने करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. एक्स्चेंजवर ओळखपत्र देऊन घेतलेली नाणी कुठे गेली हे सार्वजनिक खतावणीत कायमचे राहते. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिल्क रोड ही अमली पदार्थांची ऑनलाइन बाजारपेठ बंद पडल्यानंतरच्या खटल्यात हेच व्यवहार पुरावा म्हणून उभे राहिले. गाडी चालवत असाल तर ऑगस्ट २०२४ पासून रक्तद्रवात टीएचसीची मर्यादा दर मिलिलिटरला ३.५ नॅनोग्रॅम आहे, आणि रोज घेणाऱ्याच्या रक्तात आदल्या दिवसाचाही अंश सापडू शकतो.

नाशिकच्या प्रवासात तर काहीही सोबत नको, अगदी खिशात विसरलेली गांज्याची गोळीसुद्धा. भारतात अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि त्यात गांज्याचे एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ धरले जात असले तरी त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आखातात विमान बदलणार असाल तर तिथेही बंदी आहे. बॅगा भरण्याआधी सगळे खिसे उलटे करून पाहा, आणि सहीचे उपकरण मात्र घरीच कुलुपात राहू द्या.

जायच्या आधी मी कामे या क्रमाने केली असती. प्रथम, एका सकाळी, लाइटनिंगची सगळी चॅनेल्स दोन्ही बाजूंच्या संमतीने बंद करून पैसे साखळीवर परत आणायचे, कारण आजचे यंत्र भरवशाचे नाही आणि तुम्ही तीन आठवडे दूर असाल. मग पायचा वीजपुरवठा बदलून पाहायचा. त्याने बिघाड थांबले तर मिनी पीसीची घाई उरत नाही आणि परतल्यावर निवांत घेता येईल. मायनरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून दोन टीबीची एसएसडी आणि दुसरे, वेगळ्या कंपनीचे सहीचे उपकरण येते, म्हणजे तीनपैकी दोनची व्यवस्था उभारता येईल. चॅनेल्स तुम्ही नाशिकहून परतल्यावर, नव्या यंत्रावर, नव्याने उघडा.